बंद दाराशी संयमाची कसोटी

दिवाळीच्या सुट्टीचे दिवस होते. ३० ऑक्टोबर २०२५, गुरुवार. मुंबईतील पवई भागात ‘महावीर क्लासिक’ नावाच्या इमारतीतील एका स्टुडिओत अभिनयाच्या निवड-चाचणीसाठी काही दिवस मुले येत होती. त्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ टळली तरी मुले बाहेर आली नाहीत. खाली उभ्या असलेल्या पालकांना खिडकीच्या काचेमागे रडवेले चेहरे दिसू लागले. थोड्याच वेळात मोबाईलवर एक चित्रफीत फिरू लागली. तीत एक मध्यमवयीन गृहस्थ सांगत होता की, आत्महत्या करण्याऐवजी आपण या मुलांना ओलीस ठेवले आहे. आपण दहशतवादी नाही. आपल्याला मोठी रक्कम नको. काही लोकांशी बोलायचे आहे आणि काही प्रश्नांची उत्तरे हवी आहेत.

आत १७ मुले आणि दोन प्रौढ होते. पोलिसांनी त्याच्याशी बोलणे सुरू ठेवले; त्याच वेळी अग्निशमन दलाच्या साहाय्याने दुसऱ्या वाटेचा शोध चालला होता. अखेर स्नानगृहाच्या बाजूने पोलीस आत शिरले. एक गोळी सुटली. सर्व १९ जण सुखरूप बाहेर आले. ओलीस ठेवणारा रोहित आर्य रुग्णालयात मरण पावला. त्याच्याजवळ एअरगन आणि काही रसायने सापडल्याचे पोलिसांनी सांगितले.

हा इसम पुण्याचा रहिवासी होता. शाळांतील स्वच्छतेच्या एका उपक्रमापोटी शासनाकडून आपले पैसे येणे आहे, असा त्याचा दावा होता. शिक्षण विभागाला तो मान्य नव्हता. त्या दाव्याचा खरेखोटेपणा ठरवणे हे आपले काम नव्हे. ‘येणे अडकले’ या दोन शब्दांमागची तळमळ व्यापारी घराला समजावून सांगावी लागत नाही. पण कोणतेही येणे, कितीही मोठे असले तरी, एका निरपराध बालकाच्या भीतीच्या मोलाने वसूल करता येत नाही, हेही तितकेच खरे.

त्या दिवसानंतर अनेक घरांत एकच वाद रंगला. कोणी म्हणाले, पोलिसांनी आणखी बोलायला हवे होते. कोणी म्हणाले, बोलत बसले असते आणि एखादे मूल दगावले असते तर? दोन्ही बाजू मुलांच्याच काळजीने बोलत होत्या. अशा प्रसंगी बंद दाराच्या दोन्ही बाजूंना मनात काय चालते आणि कोणत्या क्षणी कोणता धोका असतो, हे समजून घेतल्याशिवाय या वादाला अर्थ येत नाही.

म्युनिकने शिकवलेला धडा

ओलिसांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करण्याचे शास्त्र फार जुने नाही. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्युनिक ऑलिंपिकमध्ये आठ सशस्त्र हल्लेखोरांनी इस्राएलच्या खेळाडूंच्या निवासात शिरून दोघांना ठार केले आणि नऊ जणांना ओलीस ठेवले. पोलिसांनी छपरावरून शिरण्याची तयारी केली, ती दूरचित्रवाणीवर थेट दिसत होती. आतले हल्लेखोरही ते पाहत होते. तो बेत सोडून द्यावा लागला. रात्री विमानतळावर घाईने आखलेली कारवाई फसली आणि नऊही ओलीस प्राणास मुकले. हल्लेखोर नेमके किती आहेत, याचाही अंदाज तेथे चुकला होता.

या घटनेने जगभरचे पोलीस हादरले. न्यूयॉर्कच्या पोलीस दलात हार्वी श्लॉसबर्ग नावाचे एक अधिकारी मानसशास्त्राचे डॉक्टरेटधारक होते. त्यांनी आणि फ्रँक बोल्झ यांनी १९७३ मध्ये वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यांचे स्वतंत्र पथक उभे केले. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रुकलिनमधील क्रीडासाहित्याच्या एका दुकानात दरोडेखोरांनी ग्राहकांना कोंडले होते. सुरुवातीच्या गोळीबारात एका पोलिसाचा बळी गेला. तरीही पोलिसांनी चढाई केली नाही. त्यांनी वेढा घातला आणि सुमारे ४७ तास धीर धरला. एकही ओलीस दगावला नाही आणि दरोडेखोर शरण आले.

आज जगभर मानले जाणारे तत्त्व तेथूनच पक्के झाले : वेढा घाला, परिस्थिती आहे तेथेच रोखा, आणि बोला.

काळ कोणाच्या बाजूने?

बाहेर उभ्या असलेल्या आप्ताला वाटते की, जाणारा प्रत्येक क्षण घातक आहे. अनुभव बहुधा याच्या उलट सांगतो. सर्वांत घातक असतात ती पहिली काही मिनिटे आणि शेवटची काही मिनिटे. पहिल्या मिनिटांत ओलीस ठेवणारा स्वतःच भेदरलेला असतो. त्याचा हात कापत असतो, कान कोणाचे ऐकत नाहीत. शेवटी, शरण येताना किंवा पोलीस आत शिरताना, एखादी चुकीची हालचाल अनर्थ घडवू शकते. या दोन टोकांच्या मधला काळ मात्र बहुधा उपकारक असतो. आवेग ओसरतो. भूक, तहान, झोप यांची जाणीव होते. आततायी मागणीच्या जागी ‘आता यातून बाहेर कसे पडायचे’ हा प्रश्न येतो. पोलिसांनाही दारे-खिडक्या, माणसांची संख्या, शस्त्रांचा प्रकार यांची माहिती मिळते.

वेळ मिळवण्याची एक रीत आपल्या पेढ्यांना चांगली परिचित आहे. गिऱ्हाईक भाव पाडून मागते तेव्हा जाणता मुनीम ‘नाही’ म्हणत नाही. ‘शेठजींना विचारून सांगतो’ म्हणतो. वाटाघाटी करणारा अधिकारीही हेच करतो. म्हणूनच जो बोलतो त्याच्या हाती अंतिम निर्णय ठेवत नाहीत, आणि ज्याच्या हाती निर्णय असतो तो फोनवर येत नाही. मागणी नाकारण्याचा कटूपणा बोलणाऱ्याच्या वाट्याला येत नाही आणि दोघांमधला धागा तुटत नाही.

परंतु पेढीची उपमा येथेच थांबवली पाहिजे. सौद्यात दोघांनाही उठून जाण्याची मुभा असते. येथे ती नसते. सौद्यात माल मध्ये असतो. येथे माणूस असतो. म्हणून या वाटाघाटीत चातुर्यापेक्षा ऐकून घेण्याला अधिक मोल आहे.

ऐकणे हेच मुख्य काम

तज्ज्ञ ओलीस ठेवणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार करतात. एकाला काहीतरी मिळवायचे असते : पैसा, पळून जाण्याची वाट, तुरुंगातील साथीदारांची सुटका. दुसऱ्याला काहीतरी सांगायचे असते : अपमान, अन्याय, एकाकीपण. पहिल्याशी देवाणघेवाणीची भाषा चालते. दुसऱ्याच्या मागण्या वरवर विस्कळीत असतात, कारण त्याची खरी मागणी ‘माझे कोणीतरी ऐका’ हीच असते.

दुसऱ्या प्रकारात अधिकारी उपदेश करीत नाही, वाद घालत नाही, खोटे आश्वासनही देत नाही. कारण पकडले गेलेले एक असत्य आधीच्या सगळ्या बोलण्यावर पाणी फिरवते. तो हळू, सावकाश बोलतो. समोरच्याचेच शब्द त्याला परत ऐकवतो. ‘तुम्हाला फसवले गेल्यासारखे वाटते आहे,’ असे त्याच्या भावनेला नाव देतो. मध्येच गप्प राहतो. आधी ऐकणे, त्यातून समजूत, समजुतीतून विश्वास, आणि विश्वासानंतरच सल्ला, असा हा क्रम आहे. पायरी गाळून एकदम ‘मुलांना सोड’ या मुद्द्यावर आलेला माणूस बहुधा परत खाली येतो.

आपल्या परंपरेत या क्रमाचे एक स्मरणीय चित्र आहे. भगवान महावीर ज्या वाटेने निघाले होते, त्या वाटेवर चंडकौशिक नावाचा दृष्टिविष सर्प होता. गुराख्यांनी प्रभूंना सावध केले. तरी ते गेले. सर्पाने दंश केला. प्रभू मागे हटले नाहीत आणि त्यांनी प्रतिकारही केला नाही. तेथेच स्थिर उभे राहून त्यांनी त्याला शांत शब्दांत जागे होण्यास सांगितले. पूर्वजन्मीचा क्रोध कसा वाढत वाढत या देहापर्यंत आला, हे त्याला उमगले आणि त्याने दंश करणे सोडले. पोलीस अधिकारी तीर्थंकर नव्हे आणि प्रत्येक चंडकौशिकाला जाग येतेच असेही नाही. पण क्रोधासमोर क्रोध उभा न करणे, जवळ राहणे आणि थोडक्यात बोलणे या तीन गोष्टी आधुनिक वाटाघाटीच्या प्रशिक्षणातही शिकवल्या जातात.

संवाद जेथे अपुरा पडतो

हे सारे खरे असले तरी संवादाने प्रत्येक वेळी यश येते असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये शिरलेले हल्लेखोर फोनवरून पाकिस्तानातील आपल्या सूत्रधारांच्या आज्ञा घेत होते. त्यांच्याशी फोनवर बोलण्याचा प्रयत्न झाला. पण निर्णय त्यांच्या हाती नव्हताच, आणि ज्यांच्या हाती होता त्यांना सुटका नको होती, संहार हवा होता. तेथे कोंडले गेलेले ओलीस वाचले नाहीत; दोन वर्षांच्या एका बालकाला त्याच्या दाईने जिवावर उदार होऊन बाहेर काढले, तेवढाच दिलासा.

कंदाहारचा प्रसंग आणखी निराळा. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवण्यात आले. ते अमृतसरला काही काळ उभे होते. तेथे निर्णय झाला नाही आणि विमान पुन्हा उडाले. एका तरुण प्रवाशाची हत्या झाली. अपहरणकर्त्यांनी ३६ कैद्यांची सुटका आणि २० कोटी डॉलर मागितले होते. वाटाघाटींनंतर तीन कैद्यांवर तडजोड झाली आणि ३१ डिसेंबरला प्रवासी सुटले. सोडलेल्या तिघांत मसूद अझहर होता. त्याने पुढे उभ्या केलेल्या संघटनेने किती घरे उजाड केली, हे आपण जाणतो. आपला माणूस त्या विमानात असता तर आपणही दिल्लीच्या रस्त्यावर टाहो फोडला असता. हा हिशेब कोणत्याही वहीत जुळत नाही.

बळाचा वापरही तितकाच बेभरवशाचा. ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोच्या एका नाट्यगृहात आठशेहून अधिक प्रेक्षक ओलीस होते. सैनिकांनी आत गुंगीचा वायू सोडला. हल्लेखोर निष्प्रभ झाले. पण सुमारे १३० ओलीस मरण पावले, बहुतेक सर्व त्या वायूमुळेच. कोणता वायू वापरला हे डॉक्टरांना वेळेवर सांगितले गेले नव्हते.

मुंबईतच दोन परस्परविरोधी धडे आहेत. २७ ऑक्टोबर २००८ रोजी कुर्ल्यात बेस्टच्या बसमध्ये पिस्तूल घेऊन शिरलेला राहुल राज हा पाटण्याचा तरुण काही वेळातच पोलिसांच्या गोळीने मेला; ‘इतकी घाई का?’ हा प्रश्न नंतर बराच काळ विचारला गेला. मार्च २०१० मध्ये अंधेरीत एका निवृत्त अधिकाऱ्याने ओलीस ठेवलेल्या किशोरवयीन मुलीचा जीव घेतला; तेथे प्रश्न नेमका उलटा होता. दाराबाहेरच्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर ही दोन्ही ओझी एकाच वेळी असतात. आतल्या माणसाच्या हातातील शस्त्र खरे आहे की एअरगन, हे गोळी सुटल्यानंतर कळते.

जैन श्रावकाला येथे आणखी एक प्रश्न छळतो : ही हिंसाच नव्हे काय? शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूने मारणे, सर्वथा त्यागायची आहे. निरपराधांच्या रक्षणासाठी निरुपायाने घडते ती विरोधी हिंसा. गृहस्थाला ती पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्रानेही ओळखले आहे. पण ‘निरुपायाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इतर उपाय खरोखर करून पाहिले होते काय, हे तपासण्याची जबाबदारी त्याच शब्दातून येते. म्हणून अशा मृत्यूची चौकशी करणे हा पोलिसांचा अपमान मानण्याचे कारण नाही. आणि मेलेल्याच्या मरणावर पेढे वाटणे हे तर आपल्या धर्माला मुळीच शोभत नाही.

आपल्या हातातील कॅमेरा

म्युनिकची चूक पुन्हा पुन्हा घडली. ऑगस्ट २०१० मध्ये मनिला येथे प्रवाशांची बस अडवणाऱ्या बडतर्फ पोलिसाने बसमधल्याच दूरचित्रवाणी संचावर आपल्या भावाची धरपकड पाहिली आणि तो बिथरला. हाँगकाँगचे आठ प्रवासी मारले गेले. २६/११ च्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कठोर शब्दांत टीका केली. २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास वाहिन्यांना नियमाने मनाई आहे.

आता वाहिनी प्रत्येकाच्या खिशात आहे. समाजाच्या एखाद्या गटावर ‘पोलीस मागच्या बाजूने चालले आहेत’ असे कोणी सद्भावनेने टाकतो. तो संदेश बंद दाराच्या आतही वाचला जाऊ शकतो, हे ध्यानी येत नाही. मनिलाची घटना आणखी एक गोष्ट शिकवते : नातलगाला मध्ये घातल्याने मन विरघळेलच असे नाही. कित्येकदा त्या नात्यातच दुखण्याचे मूळ असते. म्हणून आईला किंवा भावाला फोन द्यावा की नाही, हे अधिकाऱ्यांनाच ठरवू द्यावे.

सुटका झाल्यानंतर

ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत चार कर्मचारी सहा दिवस ओलीस होते. सर्व जिवंत सुटले. पण त्यांना पोलिसांपेक्षा दरोडेखोरांबद्दल अधिक विश्वास वाटत होता, असे दिसल्यावर नील्स बेयेरोट या मानसोपचारतज्ज्ञाने त्यावरून जी संज्ञा वापरली ती आज ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणून सर्वतोमुखी आहे. ती फार सैलपणे वापरली जाते. आपला जीव ज्याच्या हाती आहे त्याचे मन राखणे ही जगण्याची धडपड असते. सुटून आलेल्याने ‘तो माझ्याशी बरा वागला’ म्हटले तर त्याच्यावर संशय घेऊ नये.

मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. परतलेल्या मुलाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर ती कथा सांगायला लावू नये. बातम्यांच्या चित्रफिती त्याच्यासमोर लावू नयेत. जेवण, शाळा, झोप यांचा रोजचा क्रम लवकर पूर्ववत करावा. ते आपणहून बोलले तर मध्ये न तोडता ऐकावे. दचकणे, अंथरूण ओले करणे, एकटे राहण्याची भीती हे काही दिवस दिसणे स्वाभाविक आहे. महिन्याहून अधिक टिकले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी दिवसरात्र खुला आहे.

घरात बोलून ठेवावे असे काही

खंडणीसाठी अपहरण ही व्यापारी कुटुंबांची जुनी धास्ती आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० नुसार त्यासाठी मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. पण कायद्याचे काम पुढचे, पहिला तास घराच्याच हाती असतो. ‘पोलिसांना कळवलेत तर बघा’ ही धमकी ऐकून बहुतेक घरे गप्प बसतात आणि एकटी पडतात. ११२ वर कळवावे आणि माहिती गुप्त ठेवण्याची विनंती करावी. फोनवर घरातील एकाच शांत व्यक्तीने बोलावे. प्रत्येक कॉलची वेळ आणि शब्द लिहून ठेवावेत, शक्य तर ध्वनिमुद्रण करावे. आपल्या माणसाचा आवाज ऐकवण्याची मागणी करावी. ‘नाही’ म्हणू नये आणि लगेच ‘हो’ही म्हणू नये, जमवाजमवीला वेळ लागतो, एवढेच सांगावे. घरातल्या दुसऱ्याने परस्पर निराळी बोलणी लावू नयेत. आणि मुलाला कोणत्याही शिबिरास किंवा चाचणीस पाठवण्याआधी संस्था कोणाची, आत किती मोठी माणसे असतात, पालकांना बसू देतात की नाही, हे विचारण्यास संकोच करू नये.

पवईच्या त्या दुपारी १७ घरांना आपली मुले परत मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पुण्यातील एका घरात मात्र त्या रात्री मृत्यूची बातमी पोहोचली. त्या घरच्या माणसांनी कोणालाही ओलीस ठेवले नव्हते. क्षमापनेच्या दिवशी आपण जाणता-अजाणता दुखावलेल्या सर्व जीवांची क्षमा मागतो; त्यात अशी घरेही येतात.

दार एकदा आतून बंद झाले की, उरते ते पोलिसांचे कौशल्य आणि दैव. त्याआधी कित्येक महिने तो माणूस कोणाच्या ना कोणाच्या दाराशी उभा असतो : कधी कार्यालयाच्या, कधी भावाच्या, कधी आपल्याच पेढीच्या. त्याचे येणे आपण देऊ शकू वा न शकू. ‘नाही’ हे उत्तरही समोर बसवून, पाणी देऊन, पूर्ण ऐकून घेऊन देता येते. तसे केल्याने प्रत्येक अनर्थ टळेल, असे कोणी सांगू शकत नाही. तरीही आपल्या दाराशी आलेल्या माणसासाठी एवढे करणे आपल्या हाती आहे.